मी खर्रा खात नाही

अकरावीला नागपुरात आलो त्या पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या एका पोरानं विचारलं, "काय बे, दिवसाले किती खर्रे लागतात तुले?" मी तोवर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घातलं नव्हतं. पण त्याची तरी काय चूक? समोरच्या दोन दातांवर आडवे तपकिरी पट्टे, त्या पट्ट्यांत सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि बाकीचे दात खडूसारखे निस्तेज, त्यावर पिवळट ढग. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेला खर्रा विदर्भात इतका चालतो की असे दात दिसले की लोकांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. "मी खर्रा खात नाही" हे वाक्य मी पुढची वीस वर्षं म्हणत आलो. नोकरीच्या मुलाखतीत म्हटलं, मुलगी पाहायला गेलो तेव्हा म्हटलं, एकदा रक्तदान शिबिरातही म्हटलं.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. तिथे हे दात कोणाला दिसायचेच नाहीत, कारण गावात वाढलेल्या सगळ्यांचे तसेच. हापशीच्या पाण्यात फ्लोराइड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या शाळेमागच्या हापशीचं पाणी तपासायला माणसं आली तेव्हा मी बारावीत होतो. हे पाणी पिऊ नका म्हणून ते खांबावर लाल पट्टा मारून गेले. लोक पट्ट्याकडे बघत बघत पाणी भरत राहिले.

हे जास्तीचं फ्लोराइड दातांना बाहेरून चिकटत नाही, म्हणून घासून जात नाही. लहान मुलाच्या हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात, तेव्हा ते दाताच्या वरच्या कडक थरात, इनॅमलमध्येच बिघाड करून ठेवतं. वयाची पहिली आठेक वर्षं काय ते. त्यानंतर तेच पाणी जन्मभर प्यायलात तरी समोरच्या दातांवर डाग येत नाहीत, हाडं मात्र धरतात. त्यामुळे आमच्या गावात एक अजब हिशोब दिसतो: सुनांचे दात पांढरे, लेकींचे तपकिरी. माझी आई हिंगणघाटकडची. तिचे दात अजून मोत्यासारखे आहेत आणि गुडघे कामातून गेलेत. बहिणीचे आणि माझे दात गावाचे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. फळ्याकडे तोंड असतं तोवर ठीक, वर्गाकडे वळलो की ओठ आपोआप खाली ओढले जायचे. मिशी मी त्यासाठीच वाढवली होती, पार वरचा ओठ झाकणारी. बायको तिला शटर म्हणायची. लग्नाचा अल्बम आला तेव्हा फोटोग्राफरनं न विचारता प्रत्येक फोटोत माझे दात पांढरे करून दिले होते. मला वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, ते दात मला आवडले.

मग आधीच इलाज का केला नाही? पैसे हे एक कारण. दुसरं, आमच्याकडे दुखल्याशिवाय दातांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे नखरे. पण खरं कारण मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मी अकरा वर्षांचा असताना एका दवाखान्यात माझी दाढ काढली होती. सुई देऊन लगेच पक्कड लावली. हिरडी बधिर झालेलीच नव्हती. दोन काकांनी खांदे धरले होते. मी ओरडत होतो आणि सगळे म्हणत होते, "झालं, झालं." झालं नव्हतं. तेव्हापासून लवंगेच्या तेलाचा वास आला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. दातांच्या दवाखान्यात तो वास हमखास असतो.

पहिला प्रयत्न मी एका झगमगीत ठिकाणी केला. दारातच एका नटीचा हसरा फोटो. डॉक्टरनं दात बघायला दीड मिनिट घेतलं आणि बाहेर एका ताईनं पॅकेज सांगायला वीस मिनिटं घेतली. वरच्या दहा दातांवर व्हिनियर, म्हणजे चिनी मातीचे पातळ पापुद्रे, एकाच बैठकीत दात घासायचे, दाताला बारा हजार, आज बुकिंग केलं तर दहा टक्के सूट. "घासायचे म्हणजे?" मी विचारलं. "थोडंसंच, सर." किती थोडं, ते तिला सांगता येईना. मी घासलेले दात पुन्हा वाढतात का, असं विचारलं. ती हसली. मी म्हटलं एटीएममधून पैसे घेऊन येतो, आणि जो निघालो तो थेट घरी. पळून आलो असं म्हणा. एकदा तासलेलं इनॅमल परत येत नाही, हे घरी येऊन वाचलं आणि पळाल्याचं समाधान वाटलं. त्यानंतर दीड वर्ष त्या रस्त्यानं गेलो नाही.

दुसऱ्या दवाखान्यात मला बायकोनं नेलं. तिची अक्कलदाढ तिथे काढली होती आणि ती तिथून चहा पिऊन आल्यासारखी परत आली होती. प्रतापनगरात एका मेडिकलच्या वर, दोन खुर्च्यांचा दवाखाना. डॉक्टर माझ्याहून लहान. मी आत न जाता दारातच सांगून टाकलं, "मॅडम, मला भीती वाटते. आज फक्त बोलायला आलोय." ही बायकोची शिकवण. आतापर्यंत मी उलट करायचो, शूर असल्यासारखा खुर्चीत बसायचो आणि मग हातपाय गार पडायचे.

मॅडमनी तोंड उघडायला सांगितलंच नाही. एक कागद दिला. त्यावर पाच प्रश्न होते: उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, तर कसं वाटेल? बाहेर बाकावर बसून नंबराची वाट बघताना? दातावर ड्रिल चालणार असेल तेव्हा? दात स्वच्छ करताना? हिरडीत सुई देताना? प्रत्येकाला एक ते पाच गुण. कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंचवीस, आणि एकोणीस किंवा त्यावर गेलं की भीती फार आहे असं समजायचं. मी प्रामाणिकपणे भरलं: चार, चार, पाच, दोन, पाच. वीस. पोरांना पस्तीस गुणांसाठी रडताना बघणारा मी, इथे एका मार्कानं मेरिटमध्ये.

गंमत म्हणजे तो आकडा लिहिल्यावरच मला जरा हलकं वाटलं. भीतीचं माप घेता येतं, आणि माझी भीती मापाच्या बाहेरची नाही. त्या कागदावर आणखी एक खोच होती. सगळ्यात जास्त गुण सुईला आणि ड्रिलला होते, पण दात साफ करण्याला दोनच. म्हणजे दवाखान्याची सरसकट भीती नव्हती. मला आपल्या हातातून सूत्रं जाण्याची भीती होती. मॅडम म्हणाल्या, "मग आपण सूत्रं तुमच्याच हातात ठेवू." डावा हात वर केला की त्या थांबणार. कारण विचारणार नाहीत. ऐकायला बरं वाटलं, पण अकराव्या वर्षी मलाही "दुखलं तर सांग हं बाळ" असंच सांगितलं होतं.

त्यांनी दहा दातांवर व्हिनियर बसवायला साफ नकार दिला. आधी जे करून दात कमीत कमी जाईल ते करायचं, उरेल त्याचं पुढे बघू. म्हणजे प्रथम मायक्रोअॅब्रेजन: सौम्य आम्ल आणि बारीक खरीची पेस्ट दातावर घासून वरचा डागाळलेला पातळ थर काढायचा. मग घरी रात्री ट्रे लावून ब्लीचिंग, म्हणजे औषधानं दात उजळवणं. आणि समोरचे दोन दात, ज्यांना खड्डे होते, ते एवढ्यानं भागलं नाही तरच व्हिनियर. सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवलं. बोर्डाचे पेपर तपासून झाले की एप्रिलपासून सुरुवात.

पहिल्या दिवशी नेमकी संकष्टी. मी उपाशी जाणार होतो. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोनवर दम दिला, "सर, जेवून या. उपाशी लोक खुर्चीत चक्कर येऊन पडतात." बाप्पाची माफी मागून दोन पोळ्या खाल्ल्या. ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणी सांगत नाही. भीतीनं आधीच पोटात खड्डा पडलेला असतो, त्यात साखर कमी झाली की घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि आपल्याला वाटतं आपण भित्रे.

त्या दिवशी सुई नव्हती, ड्रिल नव्हतं. रबराचा पडदा होता. दात तेवढे भोकांतून बाहेर काढून बाकीचं तोंड झाकणारं हिरवं रबर. आम्ल हिरडीवर जाऊ नये म्हणून. याची कोणी धास्ती घातली नव्हती आणि नेमका इथेच माझा जीव गुदमरला. तोंड बंद, नाक ॲलर्जीनं अर्धं बंद. मी हात वर केला. खरं सांगायचं तर श्वास तेवढा अडकला नव्हता. हात वर केल्यावर त्या खरंच थांबतात का, ते मी तपासत होतो.

त्या थांबल्या. रबर काढलं, खुर्ची सरळ केली, पाणी दिलं आणि मोबाइलवरचे मेसेज बघत बसल्या. काही म्हणाल्या नाहीत. दोन मिनिटांनी मीच म्हटलं, चला. दुसऱ्यांदा पडदा लावायच्या आधी त्यांनी नाकाच्या स्प्रेचे दोन फवारे मारायला लावले, आणि मग म्हणाल्या, "आता आणखी एकदा हात वर करून बघा हवं तर." त्यांना कळलं होतं. मी हसलो, रबरामागे हसता येतं तेवढा. पंचवीस वर्षांपूर्वीचे दोन काका त्या दिवशी माझ्या खांद्यांवरून उतरले असावेत.

पेस्ट घासली की धुवायचं, बघायचं, पुन्हा घासायचं, असं आठ-दहा वेळा. पिवळे ढग बरेच विरले, तपकिरी पट्टा फिकट चहासारखा झाला, खड्डे तिथेच राहिले.

ब्लीचिंगच्या ट्रेसाठी दातांचं माप घेतात. थंडगार गुलाबी लगदा भरलेला चमचा टाळूला टेकला की उबळ येते. त्यावरचा उपाय मॅडमनी सांगितला तेव्हा मला चेष्टा वाटली: उजवा पाय खुर्चीवरून चार बोटं उचलून धरा आणि अंगठ्याकडे बघत राहा. मी अंगठ्याकडे बघत राहिलो. पाय थरथरायला लागला, लक्ष सगळं पायात गेलं, आणि लगदा घट्ट झाला कधी ते कळलंच नाही.

ब्लीचिंगचे चार आठवडे म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात गार पाण्याला मुकणं. दातांतून वीज जायची. झोंबू नये म्हणून वेगळी टूथपेस्ट मिळाली, तिनं निम्मा त्रास कमी झाला. खाण्यावर पथ्य: हळद नको, चहा नको, बीट नको. तर्री-पोह्यांतून तर्री काढली की काय उरतं ते मला विचारा. आणि पाचव्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर दातांवर पूर्वी नव्हते असे पांढरेशुभ्र ठिपके! मी भल्या सकाळी मॅडमना फोटो पाठवला, खाली तीन प्रश्नचिन्हं. उत्तर आलं, "सुरुवातीला असं होतं. आजूबाजूचा दात उजळला की ठिपके त्यात मिसळतात. आणि सकाळी सहाला आरसा बघू नका." पुढच्या दोन आठवड्यांत बरेचसे मिसळलेही.

एक कबुली देतो. या काळात मी रात्री व्हिडिओ बघायचो. दात कसे तासतात, कोणाचे व्हिनियर निघून आले, कोणाला पश्चात्ताप झाला. माहिती मिळाली की भीती जाते म्हणतात ते अर्धंच खरं आहे. माझ्या दातांबद्दलची, माझ्या डॉक्टरकडून मिळालेली माहिती उपयोगी पडली. परक्या माणसाच्या जबड्याची रात्री साडेबाराला बघितलेली माहिती विष. शेवटी बायकोनं झोपताना फोन स्वयंपाकघरात ठेवायचा नियम केला. शाळेतल्या एका मित्रानं "झोपेची अर्धी गोळी घेऊन जा ना बे" असा सल्ला दिला. मॅडम म्हणाल्या, असली गोळी मनानं घेऊन आलात तर मी हात लावणार नाही.

आता ते दोन दात. ब्लीचिंगनंतर लगेच व्हिनियर चिकटवत नाहीत. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून दोनेक आठवडे थांबावं लागतं. ते दोन आठवडे सगळ्यात वाईट. कारण आता करायचं ते परत फिरवता येणार नव्हतं. मिशी काढली तर उगवते.

मॅडमनी त्या दरम्यान एक केलं, ज्यानं माझा निम्मा जीव भांड्यात पडला. लॅबमधून मेणाचा नमुना करून आणला, त्याचा साचा माझ्या न तासलेल्या दातांवर दाबला, आणि दोन मिनिटांत माझ्या दातांवर दुसरे दात उभे. नुसता लेप, चिमट्यानं काढला की निघणारा. आरसा हातात दिला. मी मिशी दोन बोटांनी वर धरून बघत राहिलो. "बोला काहीतरी," त्या म्हणाल्या, "फ आणि व असलेलं." खालचा ओठ वरच्या दातांना लागतो तो याच अक्षरांना, दात लांब झाले तर आधी इथेच कळतं. मला सुचलं ते बोललो: "विभाज्य, वर्गमूळ, व्यस्त प्रमाण, फल." व्यस्त प्रमाणाला हवा सुटली. त्यांनी कडा केसभर कमी केली. पुन्हा व्यस्त प्रमाण. पुन्हा कमी. असं तीनदा झाल्यावर माझं व्यस्त प्रमाण पूर्ववत झालं. ते लेपाचे दात घेऊन मी संध्याकाळपर्यंत हिंडलो आणि ठरवलं, होऊ दे.

आणि दात किती तासणार, हे आता आकड्यात माहीत होतं: अर्धा मिलिमीटर. ड्रिलच्या टोकालाच तेवढ्या खोलीची खूण असते, ते लेपाच्या वरूनच चालवतात, म्हणजे जिथे लेप जाड तिथे खालचा दात जेमतेम शिवला जातो. अर्धा मिलिमीटर म्हणजे आमच्या पोरांच्या क्लच पेन्सिलीतली पॉइंट फाइव्हची लीड. मी एक लीड खिशात घालून गेलो होतो. बाहेर बाकावर बसून ती बोटांत फिरवत होतो. पहिल्या दवाखान्यात "थोडंसंच, सर" ऐकून मी पळालो होतो. या काळ्या काडीनं मला बाकावर बसवून ठेवलं.

सकाळची पहिली वेळ मागून घेतली होती. दुपारची वेळ घेतली की दिवसभर माणूस मनातल्या मनात दहा वेळा दात तासून घेतो.

आधी हिरडीवर जेल लावलं, चक्क स्ट्रॉबेरीच्या वासाचं. दोन मिनिटं थांबल्या. मग सुई. मी डोळे मिटले. त्यांनी ओठ धरून हलवत ठेवला आणि औषध इतकं सावकाश सोडलं की टोचलं ते मुंगीएवढं. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच छाती धडधडायला लागली. हात गार. झालं, मला वाटलं, आलं भोवळीवर. मॅडम लगेच म्हणाल्या, "धडधडतंय ना? ती भीती नाही. सुईत बधिर करणाऱ्या लिग्नोकेनबरोबर थोडं ॲड्रेनालिन असतं, बधिरपणा टिकावा म्हणून. दोन-चार मिनिटांत उतरेल." घड्याळ बघितलं. तीन मिनिटांनी उतरली. हे लगेच कळलं नसतं तर मी ती धडधड भीतीच्या खात्यात टाकली असती, आणि मग तिला बघून आणखी घाबरलो असतो.

नंतर त्यांनी जे केलं ते अकराव्या वर्षी कोणी केलं नव्हतं. दहा मिनिटं थांबल्या, मग टोकदार उपकरणानं हिरडी टोचून विचारलं, "लागतंय?" लागत नव्हतं. दुसरीकडे टोचलं. "इथे?" तिथे जरासं लागत होतं. आणखी थोडं औषध. आणखी पाच मिनिटं.

कानात गाणी लावून बघितली होती, उपयोग शून्य. ड्रिलचा आवाज कानातून कमी आणि जबड्याच्या हाडातून जास्त येतो, तिथे इयरफोन काय करणार? मग मी आजोबांची विद्या काढली. आजोबा जुने चौथी पास, त्यांनी मला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ करून घेतलं होतं. दिडकी सोपी, ती ओठांवर आपोआप चालते आणि मन ड्रिलकडे मोकळं राहतं. औटकीला डोकं लागतं. साडेतीनचा पाढा. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. ड्रिल सुरू झालं. चार औट चौदा, पाच औट साडेसतरा. जळका वास आला. सात औट साडेचोवीस. पाण्याचा फवारा घशाकडे गेला, सक्शनवाल्या मुलीनं तो ओढला. तेरा औट... तेरा औट साडेपंचेचाळीस. एकोणीसवर अडखळलो, मागे गेलो, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा वीस औट सत्तरपर्यंत पोचलो तेव्हा ड्रिल बंद झालेलं होतं. मी हात एकदाही वर केला नव्हता. तळहाताला मात्र नखांचे चार चंद्र उमटले होते, म्हणजे पाढ्यानं सगळं झाकलं असं नाही.

लॅबमधून व्हिनियर यायला दहा दिवस. तोवर तात्पुरते दात, त्यांनी भाकरी तोडायची नाही, आणि पुन्हा हळद नको. मी एका बारशाला मठ्ठा पिऊन आलो.

रंग निवडायचा दिवस वेगळाच गमतीचा. रंगांच्या पट्टीवर सोळा दात एका ओळीत, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. माझं बोट सगळ्यात पांढऱ्याकडे जायचं, मॅडमचं बोट त्याच्या एक पायरी अलीकडे. म्हणाल्या, बाकीच्या दातांवर अजून बारीक पांढुरके ठिपके आहेत, हे दोनच कोरे चकचकीत झाले तर टाइलसारखे दिसतील. मग कारागिराला सांगून त्या नव्या दातांत मुद्दाम तसलेच ढग घालून घेतले. हसू आलं. आधी डाग घालवायला पैसे मोजले, मग डाग घालायला.

बसवायच्या दिवशी मी प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावलं, तर एक गोष्ट कळली. चिनी मातीच्या त्या पापुद्र्याची मागची बाजू खरखरीत करायला लॅबमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल लावतात, म्हणजे गोंद धरतो. फ्लोरिनच! ज्यानं दात बिघडवले तोच आता नवे चिकटवणार. आणि माझ्या दातांवर लावायचं निळं आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागलं, कारण फ्लोराइडनं बिघडलेलं इनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही. "तुमचे दात हट्टी आहेत," त्या म्हणाल्या. पाणी आमच्याकडचं आहे म्हटलं.

हे पाणी शुद्ध करायची रीत, तुरटी आणि चुन्याची, नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं शोधून काढलेली. नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. नागपूरहून पांढरकवडा दीडशे किलोमीटर. माझ्या दातांचा विषय निघाला की हा विचार येतोच, आणि दोन दातांना चोवीस हजार दिले याची लाजही येते. बहिणीला, सुमीला म्हटलं तुझेही करू. ती म्हणाली, "मले नाई पाह्यजे बाबू, मले कोण पाह्यते?" त्यावर मला बोलता आलं नाही. तिची मुलगी मात्र बाटलीतलं पाणी पिऊन वाढली, तिचे दात स्वच्छ आहेत.

मिशी मी लगेच काढली नाही. आठवडाभर आरशापुढे कैची घेऊन उभा राहायचो. सुईपेक्षा ते अवघड गेलं. शेवटी ओठावरचे केस तेवढे कापले. जूनमध्ये कॉलेज उघडलं, वर्गात एकाही पोराच्या लक्षात आलं नाही. एकानं विचारलं, "सर, बारीक झाले काय?"

त्याच महिन्यात गावी गेलो. आई ओसरीवर पाय पसरून तुरीच्या दाळीतले खडे वेचत होती. तिनं चष्मा वर केला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं ओठ उचलला. गाईचे दात बघावेत तसे बघितले.

"माह्यासारखे झाले आता," ती म्हणाली. मग खडे वेचता वेचता, "किती लागले रे?"

"तीन हजार."

"एकाले?"

"दोन्हीले."

तिचा हात सुपातच थांबला. "मंग सुमीचेही करून आण नं. मी देतो तीन हजार."